मेंढीचं माप

माझं शिवणाचं दुकान मालवण-कुडाळ रस्त्यावर एका तिठ्यापाशी आहे. तीसेक वर्षं मी तिथे बायकांची पोलकी शिवते, गौरी-गणपतीच्या आधी परकरांचा ढीग पडतो, लग्नसराईत जेवायला फुरसत मिळत नाही. लग्न मी केलं नाही. भावाच्या घराला लागून दोन खोल्या आहेत; पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत मी. आयुष्य माणसांची मापं घेण्यात गेलं. त्यामुळे दसरा झाल्यावर एका सकाळी एक म्हातारा माणूस दुकानात आला, जागोजागी गाठी मारलेला सुंभाचा तुकडा माझ्या पुढ्यात ठेवून "ह्या मेंढ्येचा माप" म्हणाला, तेव्हा मला आधी वाटलं, माझ्या ऐकण्यातच काहीतरी चूक झाली.

चेहऱ्याने मी त्याला ओळखत होते. गुरांच्या दवाखान्यात तो ड्रेसर होता. निवृत्त झाल्यावर स्वतःच्या काजूच्या बागेत त्याने टाकून दिलेल्या शेळ्या-मेंढ्या आणून ठेवायला सुरुवात केली. कुणी पाय मोडलेली, कुणी आंधळी, कुणी मालक मुंबईला गेला म्हणून मागे राहिलेली. सगळे त्याला भाऊ म्हणत आणि त्याच्या पाठीमागे 'डोक्यात थोडो फरक आसा' असंही म्हणत.

"बाय, एक झोळी शिवन होयी," भाऊ म्हणाले. "पोट वर ऱ्हवात आणि चार पाय खाली जमनीक टेकतीत, अशी. मेंढी उभीच ऱ्हवणा नाय. पडान ऱ्हवली तर मरतली."

"मेंढी?" मी म्हटलं. "आपल्याकडे मेंढी खंयसून इली?"

"देवबागसून."

मी सुंभ उचलून पाहिला. एक गाठ छातीची, एक पोटाची, एक पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंतची. गाठी व्यवस्थित मारलेल्या होत्या, पण त्यावरून मला काहीच दिसेना.

"भाऊ, माणूस बघल्याशिवाय मी पोलक्याक कातर लावणंय नाय."

"मगे चल," ते म्हणाले. "बघ."

मी पिशवी घेतली, दुकानाचं अर्धं दार ओढलं आणि त्यांच्या स्कूटरवर मागे बसले. तासाभरात परत येईन असं वहिनीला सांगून गेले होते. त्या दिवशी दुकान पुन्हा उघडलं नाही.

बागेत चिऱ्याच्या गडग्याच्या आत पत्र्याची लांब पडवी होती. वीसेक शेळ्या असतील. मी फाटक उघडताच त्यातल्या निम्म्या माझी पिशवी हुंगायला आल्या. भाऊंची बायको एका शेळीच्या खुराला पट्टी बांधत बसली होती, तिने मान वर करून फक्त "इलंस?" असं विचारलं, जणू मी रोजची येणारी. मेंढी पडवीच्या टोकाला भाताच्या पेंढ्यावर पडली होती. आधी मला तिथे मेंढी दिसलीच नाही. ओल्या गोधड्यांचं गाठोडं कुणीतरी टाकून दिलंय असं वाटलं. मग त्या गाठोड्याच्या एका टोकाला नाकपुड्या हलल्या.

तिची हकिगत भाऊंनी मला तिथेच उभ्या उभ्या सांगितली. देवबागला एका घरगुती लॉजवाल्यांनी पर्यटकांसाठी घाटावरून पाच मेंढ्या आणल्या होत्या. पोरांनी त्यांच्याबरोबर फोटो काढावेत, त्यांना हातून पाला खाऊ घालावा, म्हणून. जोडीला इथलीच एक शेळी. दोन हंगाम ते चाललं. मग लॉजला कुलूप लागलं, आणि जनावरं मागच्या माडांच्या कुंपणात तशीच राहिली. शेजारचे कधीमधी शिळंपाकं टाकायचे. लोकर कापायची असते हे तिथे कुणाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. आमच्या किनाऱ्यावर मेंढी हे जनावर नाही. सगळा पावसाळा ती लोकर भिजत राहिली. शेजाऱ्यांपैकी कुणीतरी शेवटी भाऊंना फोन केला, तोवर दोन मेंढ्या मेल्या होत्या. भाऊ टेम्पो घेऊन गेले आणि तीन मेंढ्या आणि ती शेळी घेऊन आले. दोन मेंढ्या आठवडाभरात चरायला लागल्या. ही तिसरी.

"कोणी असा करता भाऊ?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "कुलूप लावताना तेंका ह्यो जीव दिसलो नाय?"

"माका म्हायत नाय," भाऊ म्हणाले. "मी विचारणंय नाय. विचारीत बसलंय तर हातात काम कधी घेतलंय?"

मी माप घ्यायला खाली बसले. टेप पोटाखालून काढायला गेले तर माझी बोटं लोकरीतच अडकली. शेण, वाळू, कुसळं, नारळाच्या सोडणाचे धागे, सगळं मिळून त्याची पाटी झाली होती, फळीसारखी कडक. कुठून अंग सुरू होतं ते कळेना. आणि वास. शेपटीजवळ भाऊंनी लोकर बाजूला करून दाखवली तेव्हा मी तोंड फिरवलं. तिथे किडे होते.

"दोनदा काढले," भाऊ म्हणाले. "पण ह्या झुडपात खंय खंय बघू? माझ्या कातरीक धार नाय. लोकर कापणारो माणूस घाटार आसा, तो येतलो पुढच्या आठवड्यात. तवसर..."

माझ्या पिशवीत टेप, खडू आणि माझी कातर असते. ती कातर मी कुणाला हात लावू देत नाही. कागद कापला तरी तिची धार जाते, म्हणून भावाच्या मुलीही तिच्या वाटेला जात नाहीत. मी ती काढली, क्षणभर हातात धरली आणि भाऊंना विचारलं, "कसा धरूचा?"

"कापड ताणतंस तशी कातडी ताण. डावो हात चपटो ठेव. कातर अंगासरशी, वर करू नको."

पहिला तास मी नुसती घाबरत होते. जिवंत अंगाच्या इतक्या जवळ मी कधी कातर नेली नव्हती. एकदा कातडीला चिमटा बसला, रक्ताचा थेंब आला, मेंढीने मान थोडी हलवली आणि पुन्हा टाकली. मला पुढे हात चालवेना. भाऊंच्या बायकोने, ज्यांना मी तेव्हापासून वयनी म्हणते, हळदीची चिमूट त्यावर दाबली आणि म्हणाल्या, "आमच्यान पण होता. कर तू." मी पुन्हा सुरुवात केली. लोकर एकसंध निघत होती, एखादा जाड जुना कोट उसवावा तशी. खाली गुलाबी, ओलसर, सुरकुतलेली कातडी, आणि बरगड्या. प्रत्येक बरगडी मोजता येत होती. भाऊ माझ्या मागोमाग जखमा धूत होते, चिमट्याने किडे काढून टर्पेंटाइनच्या वाटीत टाकत होते, वर जांभळं औषध मारत होते. लोकरीत एक प्लास्टिकची केसांची क्लिप निघाली, लहान मुलीची, फुलपाखराची. ती बाजूला ठेवली.

तोंडावरची लोकर सगळ्यात शेवटी घेतली. ती डोळ्यांवरून नाकापर्यंत उतरली होती. मी मशीनवर सुई ओवताना धरते तसा श्वास धरला आणि टोकाने एक एक बट कापली. आधी उजवा डोळा उघडा पडला, मग डावा. पिवळसर डोळे, त्यात आडवी बाहुली. ती डोळे मिचकावत राहिली. किती महिन्यांनी तिला उजेड दिसत होता कोण जाणे. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मला उगाचच पदर सारखा करावासा वाटला.

माप मी दुसऱ्या दिवशी घेतलं. लोकरीशिवाय ती सुंभाच्या गाठींच्या निम्म्याने भरली.

पहिली झोळी मी गोणपाटाची शिवली, आतून जुन्या चादरीचं अस्तर लावून. पोटाखाली रुंद पट्टा, पायांना चार भोकं, मागची बाजू मोकळी, दोन्ही अंगाला कड्या. मला स्वतःला ती चांगली जमली असं वाटलं होतं. पण पडवीच्या वाशाला टांगून मेंढीला त्यात घातली तर पाच मिनिटांत ती धापा टाकायला लागली. पुढच्या पायांच्या बगलेत कापड काचत होतं. काढून पाहिलं तर तिथली कोवळी कातडी लाल झालेली. मला इतकी शरम वाटली, एखाद्या नवरीचं पोलकं ऐन लग्नात उसवावं तशी. झोळी घेऊन घरी आले, सगळी उसवली. पोलक्याच्या बगलेत आपण कळी घालतो, हात वर करता यावा म्हणून. चारी भोकांना मी तशा कळ्या घातल्या, काठांना कापूस भरला. ह्या वेळी ती झोळीत शांत राहिली. खूर जमिनीला टेकले होते, वजन झोळीवर. तिला काय करायचं ते कळत नव्हतं. नुसती टांगून राहिली, मान खाली घालून, आणि चारी पाय धुवून वाळत घातल्यासारखे सैल.

तिच्याबरोबर आलेली शेळी झोळीच्या खाली जाऊन बसली.

ह्या शेळीबद्दल सांगायला हवं. काळी, कानांच्या टोकाला पांढरी. देवबागला तिला जाळ्याच्या नायलॉन दोरीने बांधली होती ती लहान असताना. शेळी वाढली, दोरी वाढली नाही. भाऊंनी आणली तेव्हा दोरी मानेच्या मांसात रुतून वर कातडी आली होती. मालवणच्या गुरांच्या डॉक्टरबाईंनी ती दोरी कापून काढली आणि टाके घातले. माणसाचा हात वर झाला की ती शेळी मागे सरायची, पण मेंढीला सोडून फार लांब जायची नाही. मेंढी पडून असायची तेव्हा ही तिच्या पाठीला पाठ लावून रवंथ करत बसायची. भाऊंच्या इतर शेळ्यांत ती मिसळलीच नाही.

मी रोज दुपारी जेवून बागेत जायला लागले. दहा मिनिटं झोळीत, मग आडवी करून खोबरेल लावून पाय चोळायचे, सांधे वाकवायचे, पुन्हा दहा मिनिटं. भाऊंनी मला खालची पापणी ओढून रंग बघायला शिकवलं. पांढरी असली तर अंगात रक्त नाही, जंतांनी खाल्लंय. तिची पापणी कागदासारखी होती. औषधाचे डोस सुरू होते. खाणं मोजून मिळत होतं, थोडा वाळका चारा, थोडा पाला. ती सगळं संपवायची आणि माझ्या हाताकडे बघत राहायची.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी भाऊ आणि वयनी कणकवलीला नात्यातल्या लग्नाला गेले. मला म्हणाले, पाण्याचं आणि झोळीचं बघ, बाकी सगळं आम्ही करून जातो. मी गेले. मेंढीने नेहमीसारखं माझ्या हाताकडे पाहिलं. हात रिकामा होता. घरात चुलीत निखारे होते आणि टोपात सकाळचा भात उरलेला. मला वाटलं, एवढी हाडं वर आलीत, आजारी माणसाला आपण पेज नाही का देत? मी भात पाण्यात गरम केला, निववला आणि तिच्यापुढे ठेवला. तिने पाहता पाहता घमेलं चाटून पुसून ठेवलं. मला इतका आनंद झाला की मी उरलेलाही दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वयनींचा फोन आला. "बाय, काल हिका काय दिलंलस?"

मी धावत गेले. मेंढीचं डावं पोट ढोलासारखं फुगलं होतं. मान लांब करून, दात करकर वाजवत ती पडली होती. भाऊ तिला डाव्या बाजूने चोळत होते. डॉक्टरबाई मालवणहून निघाल्या होत्या. तरुण होत्या, नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील, आणि कमी बोलायच्या. त्यांनी आल्या आल्या मेंढीच्या तोंडातून रबरी नळी घातली, वायू सोडला, खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पाजला, सुई दिली. मग हात धुताना मला विचारलं, "भात किती होता?"

मी हाताने दाखवलं.

"तुम्ही प्रेमाने दिला असेल," त्या म्हणाल्या. "पण इतके दिवस उपाशी राहिलेल्या जनावराच्या पोटाला भात म्हणजे विष. आणखी एक घमेलं असतं तर मी येईपर्यंत ती राहिली नसती. परत असं करू नका."

मी हो म्हटलं. त्या गेल्या तरी मी गडग्यावर बसून होते. भाऊ माझ्याशेजारी येऊन बसले. मला वाटलं, आता हे सांगतील, उद्यापासून येऊ नकोस. म्हणाले, "दवाखान्यात होतंय तेव्हा एका पाड्याक मी चुकीची सुई दिलंय. मेलो. घरवाल्यांका मी सांगलंय, आजारान मेलो. ती सुई माका आजून दिसता." आणि उठून गेले.

दोन दिवस मेंढीने काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी मी पडवीसमोरच्या चाफ्याखाली उभी होते, जवळ जायला धजत नव्हते. शेळीच्या तोंडातून लोंबणारी फणसाच्या पानाची डहाळी मेंढीने हळूच ओढली आणि चावायला लागली. वयनींनी मला हाक मारली, "अगो बघ, जेवता ती!" तेव्हा कुठे मी पडवीत गेले.

उभी राहिली ती मार्गशीर्षात. दुपारी झोळीत होती, मी नेहमीसारख्या कड्यांच्या दोऱ्या थोड्या सैल करत होते. मागचे पाय थरथरले आणि थांबले. पुढचे थरथरले नाहीत. झोळी तिच्या पोटाखाली मोकळी लोंबत होती. माझ्या लक्षात यायलाच वेळ लागला. ती स्वतःच्या पायांवर होती. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं, आवाजाने ती दचकेल म्हणून. इतक्यात शेळी उठून पाणी प्यायला डोणीकडे निघाली. मेंढीने तिच्या मागे एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि झोळीच्या दोऱ्या ताणल्या गेल्या. मी दोऱ्या सोडल्या. ती डोणीपर्यंत गेली. चार-पाच हात अंतर असेल. तिथे गुडघ्यांवर पडली, पण तोंड पाण्यात घालूनच.

मी वयनींच्या गळ्यात पडून रडले. भाऊ म्हणाले, "माप बरोबर होता तुझा."

शिमगा होऊन गेल्यावर एका दुपारी फाटकाशी एक बाई उभी राहिली. माझ्यापेक्षा थोडी लहान, साधी छापील साडी, हातात फणसाच्या डहाळ्यांचा भारा. भाऊ तिच्याशी काही बोलले आणि माझ्याकडे आले. "देवबागची, लॉजवाली आसा," एवढंच म्हणाले.

मी सहा महिने ह्या बाईशी मनात भांडत होते. पाय चोळताना, जखम धुताना मी तिला काय काय सुनावलं होतं. प्रत्येक वाक्य तोंडपाठ होतं. मी हात पुसत फाटकाकडे गेले. ती आत आली नव्हती.

"मी आत येवचंय नाय," ती म्हणाली. "लांबसून बघतंय आणि जातंय. शेजारणीन सांगलान, तीन जगली म्हणान."

"पाच होती," मी म्हटलं.

"हां." तिने मान खाली घातली. "पाच होती."

मग तिने न विचारता सांगितलं. गेल्या वर्षी उन्हाळ्यात तिच्या नवऱ्याला लकवा मारला. गोव्याला हॉस्पिटलात चार महिने, नंतर बहिणीकडे फोंड्याला. निघताना एका माणसाला जनावरांचं बघायला सांगितलं होतं. तो गणपतीआधीच मुंबईला निघून गेला.

"माका वाटला, तो बघता. मगे तेचो फोन लागाक नाय." तिने भारा दुसऱ्या हातात घेतला. "खरा सांगतंय, मगे मी शेजाऱ्यांका विचारूकच नाय. रोज याद येयत होती. विचारलंय तर काय आयकूचा लागात, म्हणान भिवलंय."

एवढ्यावरून ती चांगली माणूस आहे असं मला वाटलं नाही. दोन मेंढ्या त्या कुंपणात भिजून, कुजून मेल्या होत्या, हे मला विसरता येण्यासारखं नव्हतं. पण भाताचं ते घमेलं मलाही विसरता येत नव्हतं. मी फाटकाची कडी काढली. "ये आत," म्हटलं. "डहाळ्या तूच घाल तेंका."

शेळ्या डहाळ्यांवर तुटून पडल्या. काळी शेळी मात्र लांब उभी राहिली, मान तिरपी करून. बाईने जिभेने एक आवाज काढला, टक-टक-टक असा, बहुतेक तिच्या नेहमीच्या हाकेचा. शेळीचे कान ताठ झाले. ती आली, अर्ध्या वाटेत थांबली, पुन्हा आली आणि हाताला नाक लावलं. बाईचा हात तिच्या मानेवर गेला. तिथे केस न उगवलेला गुळगुळीत पट्टा आहे, बोटाएवढा रुंद, गळ्याभोवती फिरलेला. बाईची बोटं त्यावरून सगळीकडे फिरली. ती खाली मातीत बसली आणि तोंडाला पदर लावला.

"ही दोरी मीच बांधलंलंय," ती म्हणाली. "ल्हान होती तेव्हा. मीच."

मेंढी तोवर पडवीतून बाहेर आली होती, तिच्या त्या लंगडत्या, एका बाजूला झुकणाऱ्या चालीने. त्या टक-टक हाकेनेच आली असणार. बाईजवळ येऊन उभी राहिली आणि तिच्या पदराचं टोक चघळायला लागली. मी बाईला भाताची गोष्ट सांगितली. का सांगितली ते मला माहीत नाही. तिने शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, "मगे तुमका ह्यांनी परत येवक दिल्यानी?"

"दिल्यानी," मी म्हटलं.

जाताना तिने शेळी परत न्यायची का असं चाचरत विचारलं. घरी नवरा दिवसभर एकटा पडून असतो, शेळी त्याच्या हातची होती, त्याला बरं वाटेल. भाऊ माझ्याकडे बघायला लागले. शेळी मेंढीच्या पाठीला अंग घासत होती.

"दोगांका वायली करूची नाय," मी म्हटलं. "हिका चालता येणा नाय लांब, आणि ती हिका सोडून जेवणा नाय. तू नवऱ्याक घेवन ये हंय."

तिने थोडा विचार केला आणि मान डोलावली. मला वाटलं होतं, आता काही ती परत यायची नाही.

ती आली. पुढच्या गुरुवारी, मग त्याच्या पुढच्या. देवबागहून दोन बस बदलून यायचं म्हणजे तिचा अर्धा दिवस जातो. पहिले काही आठवडे ती फक्त डहाळ्या घालायची आणि बसायची. मग वयनींनी तिला खुरं साफ करायला बसवलं. मे महिन्यात भाच्याच्या रिक्षातून नवऱ्यालाही आणलं. उजवा हात मांडीवर ठेवलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. त्याला आम्ही काजूखाली खुर्चीवर बसवलं. शेळीने येऊन त्याच्या त्या हलत नसलेल्या हातावर हनुवटी टेकवली आणि तशीच उभी राहिली. त्याला बोलता येत नव्हतं. डाव्या हाताने तो तिची पांढरी कानाची टोकं सरळ करत राहिला, एक झालं की दुसरं.

दोन पावसाळे झाले त्याला. मेंढीची लोकर आता वेळच्या वेळी निघते. पावसाआधी घाटावरचा माणूस येतो, मी त्याच्या हाताखाली शिकते, पण त्याच्यासारखं एका दमात काढणं मला अजून जमत नाही. मेंढी फार चालत नाही. पडवीपासून चाफ्यापर्यंत, चाफ्यापासून डोणीपर्यंत, एवढंच तिचं गाव.

ह्या श्रावणात कुणीतरी फाटकाशी खोक्यात एक करडू ठेवून गेलं. दोन दिवसांचं असेल, नाळ अजून ओली, थंडीने काकडलेलं. वयनींनी गोणपाटात गुंडाळून चुलीपाशी ठेवलं, मी बाटलीचं रबरी बोंड त्याच्या तोंडात धरत होते, पण ते चोखेना. गुरुवार होता. देवबागची बाई आली, तिने करडू उचललं आणि सरळ पडवीत नेऊन मेंढीच्या पोटाशी ठेवलं. मेंढीला ना दूध, ना कधी पिल्लू झालेलं. तिने करडाचं डोकं हुंगलं, जरा वेळ विचार केल्यासारखी थांबली आणि पाय मुडपून त्याला जागा करून दिली. करडू तिच्या नव्या लोकरीत शिरलं. थोड्या वेळाने आतून बारीक चुटचुट ऐकू यायला लागली. लोकरीची बट चोखत होतं.

"बाटली दी हंय," बाई म्हणाली.

मी बाटली दिली. तिने लोकर बाजूला करून बोंड करडाच्या तोंडात सरकवलं आणि ते प्यायला लागलं. शेपटी जोरजोरात हलवत.